परतलेला शिपाई आणि त्याचें घर

युद्धानंतरच्या प्रेमाच्या आणि पुनर्भेटीच्या कथांविषयीं आज मी आपल्याशीं बोलणार आहें. विषयाचें नांव ऐकतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक देखावा उभा राहिला असेल. आगगाडी स्टेशनांत शिरत आहे. फलाटावर एक स्त्री वाट पाहत उभी आहे. डब्याच्या दारांत गणवेशांतला तरुण दिसतो. दोघांची दृष्टभेट होते आणि पडद्यावर 'समाप्त' हीं अक्षरें येतात. हा देखावा खोटा आहे असें मी म्हणत नाहीं. तो अपुरा आहे. जेथें बोलपट संपतो तेथेंच चांगली कथा सुरू होते, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

मी साहित्याचा पंडित नव्हें. जुनी मॅट्रिक झालेला आणि जवळजवळ चाळीस वर्षें खेड्यापाड्यांतील शाळांतून मराठी शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परदेशी कथा मी वाचल्या त्या इंग्रजी भाषांतरांतून, कोश मांडीवर ठेवून. तेव्हां या भाषणांत शास्त्रीय चर्चेपेक्षां एका वाचकाचा अनुभव अधिक सांपडेल. त्याबद्दल श्रोत्यांनीं राग मानूं नये.

अशा कथांत मला तीन गोष्टी नेहमीं आढळतात. पहिली काळ, दुसरी ओळख आणि तिसरी हिशेब.

प्रथम काळ पाहूं. जो लढाईवर जातो तो आपल्या घराचें एक चित्र मनाशीं घेऊन जातो. त्या चित्रांत धाकटी मुलगी पाळण्यांतच राहते, बायकोचे केस काळेच राहतात, परसांतलें झाड तेवढेंच राहतें. घरचीं माणसेंही जाणाऱ्याचें चित्र तसेंच जपतात. भिंतीवरच्या फोटोंतला माणूस कधीं दमत नाहीं, कधीं चिडत नाहीं. परंतु काळ दोन्हीकडे वाहत असतो, आणि तो निरनिराळ्या पात्रांतून वाहतो. एकाचीं वर्षें खंदकांत जातात, दुसरीचीं धान्याच्या रांगेंत. मग प्रश्न येतो ओळखीचा. दारांत उभा असलेला माणूस तोच आहे काय, आणि असल्यास कशावरून? ओळख पटल्यावर उरतो तो हिशेब. तूं नसतांना मी काय सोसलें आणि मी नसतांना तूं काय केलेंस, हें एकमेकांना सांगावयाचें कीं नाहीं? सांगितलें तर ऐकून घेण्याचें बळ कोणाजवळ आहे? माझ्या समजुतीप्रमाणें या कथांचा खरा जीव या तिसऱ्या प्रश्नांत आहे.

हा प्रश्न आजकालचा नव्हे. ग्रीक महाकवि होमर याच्या 'ओडिसी' या महाकाव्याची कथा श्रोत्यांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. ट्रॉयच्या लढाईंत दहा वर्षें आणि परतीच्या प्रवासांत आणखी दहा वर्षें घालवून ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषांत आपल्या इथाका बेटावर येतो. त्याचा म्हातारा कुत्रा त्याला ओळखतो आणि तेथेंच प्राण सोडतो. पाय धुतांना जुन्या जखमेच्या व्रणावरून दाई त्याला ओळखते. पण त्याची पत्नी पेनेलोपी सहजासहजीं मानावयास तयार होत नाहीं. त्याच्यासमक्ष ती दासीला पलंग बाहेर काढून घालावयास सांगते. आतां तो पलंग ओडिसियसनें स्वतः घडविलेला असतो, आणि त्याचा एक खांब म्हणजे जमिनींत मुळें असलेल्या ऑलिव्ह वृक्षाचा बुंधाच असतो. तो पलंग हलणें शक्यच नसतें. आज्ञा ऐकून ओडिसियस संतापतो आणि त्या संतापावरून तिची खात्री पटते. कुत्र्यानें माणूस ओळखला, दाईनें शरीर ओळखलें. पण पत्नीला पटवून घ्यावयाचें होतें तें दोघांपुरतेंच ठाऊक असलेलें गुपित. शिवाय हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे कीं, वीस वर्षांत पलंग जागचा हललेला नव्हता.

आपल्याकडे पाहूं गेल्यास वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडांत लंकाविजयानंतरची भेट आहे. ज्या भेटीसाठीं समुद्रावर सेतु बांधला ती भेट प्रत्यक्ष घडते, तेव्हां श्रीरामांच्या मुखांतून कठोर शब्द निघतात आणि सीतेला अग्निप्रवेश करावा लागतो. धर्मदृष्ट्या त्याचा अर्थ जाणत्यांनीं अनेक प्रकारें लावला आहे. त्या वादांत मी पडत नाहीं. एक वाचक म्हणून माझें लक्ष एवढ्याकडेच जातें कीं, भेट झाली म्हणजे विरह संपला असें आदिकवीलाही वाटलें नाहीं. कालिदासाच्या 'शाकुंतला'च्या सातव्या अंकांत निराळा प्रकार आहे. दुष्यंत इंद्राच्या बाजूनें दानवांशीं लढून परततांना वाटेंत मारीच ऋषींच्या आश्रमांत उतरतो. तेथें त्याला प्रथम दिसतो तो सिंहाच्या छाव्याशीं झोंबणारा एक मुलगा. शकुंतला मागाहून येते. मुलाच्या निमित्तानें आईबापांची गांठ पडते. ही खूण श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें ती आपणांस लागणार आहे.

महाकाव्यांतलें घर पुष्कळदां वाट पाहत थांबलेलें असतें. अर्वाचीन कथाकारांना तशी सोय राहिली नाहीं. फ्रेंच लेखक बाल्झाक याची 'कर्नल शाबेर' ही दीर्घकथा १८३२ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. नेपोलियनच्या फौजेंतला हा कर्नल १८०७ सालच्या आयलाउच्या लढाईंत पडला असें जाहीर होतें. प्रत्यक्षांत तो प्रेतांच्या खड्ड्यांतून जिवंत बाहेर येतो आणि अनेक वर्षें हालअपेष्टा भोगून पॅरिसला पोहोंचतो. मधल्या काळांत नेपोलियन गेलेला असतो, जुनें राजघराणें परत आलेलें असतें. शाबेरच्या पत्नीनें एका काउंटशीं लग्न केलेलें असतें आणि तिला दोन मुलें झालेलीं असतात. शाबेर देर्व्हिल नांवाच्या वकिलाकडे जातो. येथें पेनेलोपीचा पलंग नाहीं. येथें मृत्यूची नोंद आहे, मालमत्ता आहे, तडजोडीचा मसुदा आहे. पत्नी त्याला मनांतून ओळखते, पण कागदावर ओळखावयास तयार होत नाहीं. शेवटीं गोड बोलून आणि मुलांना पुढें करून, त्यानें आपलें नांव कायमचें सोडून द्यावें असा ती घाट घालते. तिचा कावा त्याच्या ध्यानीं येतो. मग भांडण्याऐवजीं तो तिरस्कारानें सर्वांवरच पाणी सोडतो. वृद्धापकाळीं तो निराधारांच्या आश्रमांत आढळतो. तेथें त्याचें नांवही उरलेलें नसतें. उरलेला असतो तो केवळ एक क्रमांक.

बाल्झाकचा रोष त्या बाईवर आहे हें उघड दिसतें, आणि तिचें वागणें क्रूर आहे यांत शंका नाहीं. परंतु कथा खालीं ठेवल्यावर मला तिचाही थोडा विचार करावासा वाटला. नवरा मेला असें जगानें तिला सांगितलें होतें. तिनें त्यावर दुसरें आयुष्य उभें केलें. दोष कोणाचाही असो, जीं वर्षें दोघांनीं वेगवेगळीं काढलीं तीं ऐकून घेणारें कोणीच नव्हतें. वकील ऐकतो, पण तो दावा ऐकतो. दाव्याची भाषा आणि हिशेबाची भाषा यांत फार अंतर आहे. दाव्यांत माझें काय तें मागावयाचें असतें. हिशेबांत तुझें काय झालें तें विचारावयाचें असतें.

कांहीं कथांत हा हिशेब भलत्याच रीतीनें पुढें येतो. एलिझाबेथ बोवेन या लेखिकेची 'द डेमन लव्हर' ही छोटी कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतली आहे. बॉम्बवर्षावामुळें ओसाड झालेल्या लंडनमधील आपल्या बंद घरांत एक प्रौढ स्त्री कांहीं सामान नेण्यासाठीं येते. तेथें टेबलावर तिला एक पत्र सांपडतें. पहिल्या महायुद्धांत, १९१६ सालीं, आघाडीवर परत जाणाऱ्या एका शिपायाला तिनें वचन दिलें होतें. तो पुढें नाहींसा झाला आणि तिनें दुसऱ्याशीं संसार थाटला. आतां पंचवीस वर्षांनीं ठरलेली घटका भरल्याचें पत्र आलें आहे. भयभीत होऊन ती टॅक्सींत बसते, आणि टॅक्सी चालविणाऱ्याचा चेहरा पाहून किंकाळी फोडते. ही भुताची गोष्ट आहे असें कोणी म्हणेल. मला ती थकलेल्या कर्जाची गोष्ट वाटते. पहिल्या युद्धाचें न मिटलेलें खातें दुसऱ्या युद्धानें उघडलें, एवढाच तिचा अर्थ.

आपल्या देशांतलें उदाहरण द्यावयाचें तर चंद्रधर शर्मा गुलेरी यांची 'उसने कहा था' ही हिंदी कथा घ्यावी. ती १९१५ सालीं, म्हणजे पहिलें महायुद्ध चालूं असतांनाच, 'सरस्वती' मासिकांत प्रसिद्ध झाली. अमृतसरच्या बाजारांत भेटलेलीं एक मुलगा आणि एक मुलगी पंचवीस वर्षांनीं पुन्हां समोरासमोर येतात. तो आतां जमादार लहनासिंग, ती त्याच्याच पलटणींतल्या सुभेदाराची पत्नी. येथें पुनर्भेट युद्धावर निघण्यापूर्वीं होते. नवऱ्याला आणि मुलाला सांभाळ, एवढीच ती विनवणी करते. लहनासिंग युरोपांतल्या खंदकांत तो शब्द पाळतो आणि स्वतः परत येत नाहीं. त्याच्या मरणाची बातमी वर्तमानपत्रांत एका ओळींत छापली जाते, आणि त्या ओळींत त्या शब्दाचा उल्लेख असणें शक्यच नसतें. सरकारी नोंद आणि माणसाचा हिशेब यांतलें अंतर या कथेइतकें थोडक्यांत क्वचितच कोणी दाखविलें असेल.

आतां ज्या कथेसाठीं मी हें सर्व सांगितलें तिच्याकडे वळतों. तिचा लेखक आंद्रेई प्लातोनोव्ह हा रशियन. जन्म १८९९, मृत्यु १९५१. रेल्वेच्या कारखान्यांतल्या कामगाराचा हा मुलगा. दुसऱ्या महायुद्धांत तो सैन्याच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून आघाडीवर होता. त्याचा एकुलता एक पुत्र कोंवळ्या वयांत अटकेंत पडला, छावणींतून क्षय घेऊन परत आला आणि १९४३ सालीं वारला. म्हणजे परत येणें ही काय वस्तु आहे, हें या लेखकाला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. त्याची ही कथा १९४६ सालीं 'नोवी मीर' या मासिकांत 'इवानोव्हचें कुटुंब' या नांवानें आली. पुढील वर्षाच्या आरंभींच एका वजनदार टीकाकारानें, ही सोविएत कुटुंबाची बदनामी आहे, असा तिच्यावर हल्ला चढविला. विजयाच्या आनंदांत असलें घर दाखविणें राज्यकर्त्यांना रुचणारें नव्हतें. त्यानंतर प्लातोनोव्हला स्वतःचें लिखाण छापून आणणें जवळजवळ अशक्य झालें. त्याच्या मृत्यूनंतर, १९६२ सालीं, ही कथा पुन्हां प्रसिद्ध झाली, आणि आज जग तिला 'परतणें' या अर्थाच्या नांवानें ओळखतें.

कथा अशी आहे. इवानोव्ह नांवाचा कॅप्टन युद्ध संपल्यावर सैन्यांतून मोकळा होतो. स्टेशनवर गाडीची वाट पाहतांना त्याला माशा भेटते. तिनेंही सैन्याच्या भोजनगृहांत काम केलेलें असतें आणि तीही घरीं निघालेली असते. दोघांनाही एकच भीति असते, आणि ती म्हणजे घराची. युद्धांत सैन्य हेंच त्यांचें घर झालेलें असतें. तेथें काय करावयाचें तें दुसरा सांगत असतो. चार वर्षांनीं घरीं जाऊन काय बोलावयाचें, हें दोघांनाही सुचत नाहीं. इवानोव्ह थेट आपल्या गांवीं न जातां तिच्या गांवीं उतरतो आणि दोन दिवस तेथें राहतो. तिकडे त्याची बायको ल्युबा काम बुडवून रोज स्टेशनवर जात असते.

अखेर तो पोहोंचतो तेव्हां फलाटावर असतो त्याचा मुलगा पेत्रुश्का. वय अकरा-बारा. अंगावर बापाचेच जुने कपडे कापून शिवलेले. आईनें रोज काम बुडवूं नये म्हणून दिवसाच्या गाड्या पाहण्याचें काम त्याच्याकडे आलेलें. घरीं गेल्यावर इवानोव्हच्या ध्यानांत येतें कीं, या घराचा कारभारी हा पोरगाच आहे. चुलींत लांकूड किती घालावें, दिवा केव्हां लावावा, धाकट्या नास्त्यानें काय करावें, हें तोच सांगतो. आईलाही तो रागावतो. आणि जेवतांना स्वतः भाकरीचा तुकडा एवढासा घेतो. बाप विचारतो, इतकेंच कां? तर इतरांना जास्त मिळावें म्हणून. श्रोतेहो, युद्धानें एका मुलाचें काय केलें, हें या एका तुकड्यांत आलें. तोफा, रणगाडे यांचें वर्णन करण्याची लेखकाला गरजच पडलेली नाहीं.

नास्त्या बापाला ओळखतच नाहीं. तो गेला तेव्हां ती तान्ही होती. ती जेवतांना एक तुकडा बाजूला काढून ठेवते. कोणासाठीं? सेम्योनकाकासाठीं. हा सेम्योन कोण? आईच्या कारखान्यांत काम करणारा एक माणूस. त्याचीं बायकामुलें जर्मनांनीं मारलेलीं. तो या मुलांजवळ येऊन बसतो, त्यांना वाचून दाखवितो. इवानोव्हच्या मनांत संशय शिरतो. रात्रीं नवराबायकोचें भांडण होतें. ल्युबा सांगते कीं, सेम्योनशीं तिचा कांहींएक संबंध नव्हता. पण असह्य एकटेपणांत ती एकदां दुसऱ्या एका माणसाच्या जवळ गेली होती, आणि त्यांतून तिला कसलेंच सुख लाभलें नाहीं. इवानोव्ह चिडतो. माशाच्या गांवीं काढलेले दोन दिवस त्याला या वेळीं आठवत नाहींत. वाचकाला मात्र आठवतात, आणि येथेंच कथेचा तराजू आपल्या हातीं येतो. बायकोचा हिशेब मागणारा स्वतःचा हिशेब लपवीत असतो.

मुलगा जागाच असतो. तो उठून दोघांना रागें भरतो: जगावयाचें आहे, कामें पडलीं आहेत, आणि तुम्ही वेड्यासारखे भांडतां काय? मग तो बापाला खारितोन नांवाच्या एका परतलेल्या शिपायाची गोष्ट सांगतो. त्या नवराबायकोंनींही असेंच भांडण केलें, पण शेवटीं समेट करून तीं सुखानें राहूं लागलीं. बाराव्या वर्षीं मूल बापाला संसार शिकवितें, हें ऐकून हंसूं येतें आणि दुसऱ्याच क्षणीं तें हंसूं जागच्या जागीं थिजतें.

सकाळीं इवानोव्ह पिशवी उचलून स्टेशनवर जातो. माशाकडे जावयाचें त्यानें ठरविलेलें असतें. गाडी सुटते. डब्याच्या दाराशीं उभा राहून तो आपल्या गांवाकडे शेवटचें पाहतो, तों रुळांच्या फाटकाकडे दोन मुलें धांवत येतांना त्याला दिसतात. थोरलें धाकट्याला हातानें ओढीत आहे. दोघें पडतात, उठतात, पुन्हां धांवतात. कोणाचीं बरें हीं मुलें? प्रथम त्याला ओळख पटत नाहीं. मग थोरल्याच्या पायांकडे लक्ष जातें. एका पायांत लोकरीचा बूट आहे, दुसऱ्यांत रबरी. घाईंत जें हातीं लागलें तें घालून पोरगा निघालेला आहे. इवानोव्ह पिशवी खालीं फेकतो आणि डब्यांतून उतरतो. येथें कथा संपते. नवराबायकोंचा समेट लेखकानें दाखविलेला नाहीं. तो दाखविण्याची जरुरीही नाहीं.

आतां श्रोत्यांनीं मघांची खूण आठवावी. होमरच्या नायकाची ओळख हलवितां न येणाऱ्या पलंगावरून पटली. शाबेरची ओळख कागदावर पटलीच नाहीं. दुष्यंताला मुलानें शकुंतलेकडे नेलें. प्लातोनोव्हनें ओळखीची दिशाच फिरविली. येथें घरानें शिपायाला ओळखावयाचें नसून शिपायानें घराला ओळखावयाचें आहे. आणि तो ओळखतो तें चेहऱ्यावरून नव्हे. दोन पायांत दोन जातींचीं पादत्राणें घालून धांवणाऱ्या त्या मुलांत त्याला आपण नसतांनाचीं चार वर्षें प्रथमच दिसतात. रात्रीं बायकोनें शब्दांनीं सांगितलेला हिशेब त्यानें ऐकला नव्हता. सकाळीं मुलाच्या पायांनीं सांगितलेला त्यानें ऐकला. माझ्या मतें पुनर्भेट याचें नांव. 'तूं माझ्याशीं एकनिष्ठ होतास कां', हा प्रश्न अशा कथांत येतोच. परंतु खरी भेट घडते ती 'मी नसतांना तूं दिवस कसे काढलेस', हा दुसरा प्रश्न विचारला गेल्यावर.

ही कथा मी निवृत्तीनंतर वाचली आणि तिनें मला कित्येक रात्री झोंप येऊं दिली नाहीं. त्याचें कारण घरगुती आहे. तें सांगावें कीं नाहीं याचा मी पुष्कळ विचार केला. पण न सांगितल्यास या भाषणाचा अर्थ अर्धाच राहील.

१९७१ सालच्या डिसेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध झालें तेव्हां माझे वडील पायदळांत होते आणि मी बारा वर्षांचा होतों. आमचें गांव सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागांतलें. आईला लिहितांवाचतां येत नव्हतें. आबांची मनिऑर्डर आली म्हणजे ती अंगठा करी आणि पैसे मी मोजून घेईं. किराणा किती, उधारी किती, म्हशीच्या पेंडीला किती, हें सारें मी शाळेच्या एका जुन्या वहींत लिहीत असें. धाकट्या बहिणीची फी, दळण, पाणी, सर्व माझ्याकडे. त्या कामांचा मला मनस्वी कंटाळा होता.

पुढच्या उन्हाळ्यांत आबा पेन्शन घेऊन कायमचे घरीं आले. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं माझ्यासमोरची वही उचलून कोनाड्यांत ठेवली आणि म्हणाले, "आतां मी आलोंय. तूं आपला खेळायला जा." किती मायेनें म्हणाले असतील! पण ज्या कामाचा मला कंटाळा होता तेंच काढून घेतल्याचा मला विलक्षण राग आला. घरांतली माझी जागा कोणीतरी परका येऊन बळकावून बसला, असें वाटलें. महिनाभर मी त्यांच्याशीं धड बोललों नाहीं. त्या वर्षीं पाऊस पडला नाहीं; आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाऊं लागली आणि आबाही तिच्याबरोबर जाऊं लागले. रात्रीं मधेंच उठून ते अंगणांत बसत. ते कां बसतात, हें आईनें विचारलें नाहीं, मीं विचारलें नाहीं. मीं ती वही किती जपून लिहिली होती, हें त्यांनीं विचारलें नाहीं. पुढें वीस वर्षें आम्ही एका घरांत राहिलों, एका ताटाशीं बसलों, आणि मग ते वारले. भांडण कधींच झालें नाहीं. हिशेबही कधीं झाला नाहीं.

प्लातोनोव्हच्या कथेंत शेवटीं बाप गाडींतून उतरतो. आमच्याकडे आबा तर घरींच होते. उतरावयाचें होतें तें मीं, आणि तें मला साठी उलटल्यावर कळलें.

म्हणून, श्रोतेहो, अशा कथांना केवळ करमणूक समजूं नये असें मला वाटतें. ज्यांना त्या लिहावयाच्या असतील त्यांनीं फलाटावरच्या मिठीवर फार शाई खर्च करूं नये. दुसऱ्या दिवशींच्या चुलीपासून आरंभ करावा. भाकरीचा तुकडा, चुकीचा बूट, कोनाड्यांतली वही, असल्या बारीक वस्तूंत मोठीं युद्धें मावतात. आणि ज्यांना त्या नुसत्या वाचावयाच्या आहेत त्यांनीं पुस्तक मिटल्यावर एकदां आपल्या घरांत पाहावें. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत फौजेंतून परतलेला माणूस नाहीं अशीं गांवें थोडीं. कोणाकडे वडील असतील, कोणाकडे थोरला भाऊ, कोणाकडे मुलगा. त्यांचीं पदकें आपण पाहतों, त्यांच्या पराक्रमाच्या गोष्टी सणासुदीला ऐकतों. पण ते नसतांना घरानें काय केलें हें त्यांना सांगितलें आहे काय? आणि घर नसतांना त्यांनीं रात्री कशा काढल्या हें त्यांना विचारलें आहे काय?

विचारलें नसेल तर आजच विचारावें. उत्तर लगेच येईल असें नाहीं. कदाचित् ते नुसतें "कांहीं नाहीं रे" म्हणून उठून जातील. तरीही विचारलेलें त्यांच्या ध्यानांत राहील. हे कथाकार मला एवढेंच शिकवून गेले, आणि मला तें उशिरा समजलें. आपणांस तें वेळेवर समजावें एवढीच इच्छा.